आईच्या पायाचं निळसर दूध

मी तिच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको. हेवा, मत्सर, असूया असले पुस्तकी शब्द मला तेव्हा सुचत नव्हते. ती समोर आली की पोटात दुखायचं. ती हसली की दुखायचं, आणि तिचं काही चुकलं की जरा बरं वाटायचं. एवढं सरळ होतं सगळं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. रोह्याजवळ धाटावला एक छोटी कंपनी होती. खोबरेल तेलातली आम्लं वेगळी काढायची आणि साबणवाल्यांना विकायची, हा तिचा धंदा. तिथल्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव. आमच्या घरातली पिढ्यान् पिढ्या माणसं मिठागरात राबलेली, आणि मी घरातली पहिली पदवीवाली. सकाळी पेणहून एसटीनं नागोठण्यावरून रोह्याला यायचं, तिथून कंपनीच्या गाडीनं धाटाव. प्रयोगशाळेत बायका आम्ही दोघीच. कंपनीतले लोक मला 'पेणची' म्हणायचे आणि तिला 'रोह्याची'. ती माझ्यानंतर तीन वर्षांनी लागली. तीन वर्षांनी! हे मी तेव्हा मनातल्या मनात दिवसातून दहादा मोजत असे.

माझं काम काय, तर आलेल्या मालाचा नमुना घ्यायचा, स्पिरीटमध्ये विरघळवायचा आणि वरून काचेच्या नळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची. गुलाबी झालं की आकडा लिहा, ओता, धुवा, पुन्हा घ्या. तीन वर्षं मी गुलाबी करत होते. आणि साहेबांनी मुंबईहून ते नवं यंत्र आणवलं, तेव्हा मला वाटलं, आता आपला नंबर. कुठला काय! त्यांनी यंत्राची चावी रोह्यावालीच्या हातात दिली. "पेणच्या बाईंचा हात टायट्रेशनला बसलाय," म्हणाले, "त्यांना नको हलवायला." माझं कौतुक करत त्यांनी मला त्याच स्टुलावर बसवून ठेवलं.

यंत्र म्हणजे एक जाड सळी होती. ती पातळ पदार्थात बुडवून सुरू केली की असा चिरका आवाज यायचा की दात आंबायचे. त्या आवाजाच्या थरथरीनं तेलाचे थेंब फुटायचे, आणखी फुटायचे, फुटतच राहायचे. हे कशाला, तर खोबरेलातलं लॉरिक आम्ल जंतू मारतं. जंतूच्या अंगावरचं पांघरूणही चरबीचंच असतं. ही चरबी त्यात शिरते, पांघरूण फाटतं, आतलं सगळं बाहेर सांडतं, संपला जंतू. पण चरबी पाण्यात मिसळत नाही. मोठाले थेंब वरच तरंगत बसतात, ते जखमेतल्या जंतूपर्यंत पोचणार कसे? म्हणून थेंब इतके बारीक करायचे की केसाच्या जाडीत हजार मावावेत, आणि ते परत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून साबणासारखं काहीतरी घालायचं. आता या सगळ्याला नॅनो म्हणतात. तेव्हा आमच्या तोंडी तो शब्द नव्हता. साहेब त्याला 'बारीक दूध' म्हणायचे.

दिसायला ते दूधच होतं. पण थेंब पुरेसे बारीक झाले की पांढऱ्यात एक निळसर झाक यायची, आणि बाटली खिडकीसमोर धरली की पलीकडचं बोट अंधूक दिसायचं. पहिल्यांदा ती झाक आली तेव्हा रोह्याची नाचायचीच बाकी होती. "ताई, बघ ना, निळं झालं!" मी नळीवरून नजर काढली नाही. "हो का," म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिनं काचेच्या तबकडीत जंतू वाढवले आणि मधोमध त्या दुधाचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला होता, एक जंतू नाही. साहेबांनी सगळ्यांना हाक मारून दाखवलं. मला म्हणाले, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "वा." एवढंसं बोलणंही जिवावर आलं होतं.

बरं, ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण नाही! तिचं गाव रोह्याच्या आतल्या बाजूला, भात आणि वालाची शेती. डब्यात वालाची उसळ आणायची आणि निम्मी माझ्या झाकणात वाढायची. उसळ इतकी छान असायची की माझा आणखी संताप व्हायचा. मी काय काय केलं सांगू? तिची आवडती बारीक नळी कपाटाच्या मागे ठेवून दिली. तिच्यासाठी गाळलेलं पाणी बाटल्या धुवायला वापरून टाकलं. ती म्हणायची, "मीच विसरले वाटतं कुठेतरी." तिला संशयच यायचा नाही. असली माणसं डोक्यात जातात.

त्यात तिनं मला एकदा सांगितलं, की पावसाळ्यात तिच्या आईला लावणी करताना बोटांत चिखल्या झाल्या होत्या आणि या दुधानं त्या आठ दिवसांत बऱ्या झाल्या. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. आणि मी घरी काय बघत होते? माझ्या आईचा पाय.

दिवाळीनंतर मिठाचे वाफे तयार करताना तळ पायानं तुडवून घट्ट करतात. तेव्हा आईच्या उजव्या अंगठ्याखाली शिंपल्याचा तुकडा घुसला होता. तुकडा निघाला, पण जखम भरेना. पौष गेला, माघ आला. वर सुकायची, आतून पुन्हा पाणी यायचं. आगर सोडून घरी बस म्हटलं तर आई ऐकायची नाही. "मग मीठ कोण ओढील, तुजा बापूस?" असं म्हणायची. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मी गावातल्या दुकानातून मलम आणलं, तर ते तिनं तसंच फळीवर ठेवलं. बाहेरच्या औषधावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि मी? केमिस्ट म्हणून मिरवणारी मी, मला माझ्याच आईचा एक अंगठा बरा करता येत नव्हता.

एक दिवस मला प्रयोगशाळेतून थोडा कापूस पिशवीत टाकताना तिनं पाहिलं. "कुणाला गं लागलं?" मी सांगितलं. मला काय माहीत, रविवारी बाई बाटली घेऊन थेट आमच्या दारात उभी राहील ते!

आली ती आली, आणि ओसरीवर आईच्या पुढ्यात खाली बसली. तांब्याभर पाणी मागितलं आणि आईचा पाय मांडीवर घेतला. आई आक्रसली. "नको गो बाय, पायाला हात नको लावू." "असू दे हो काकी." तिनं तो पाय धुतला. बोटांच्या बेचक्यांतलं वाळलेलं मीठसुद्धा हळूहळू काढलं, आपल्या ओढणीनं टिपलं. मी दारात उभी होते. मी आजवर आईच्या पायाला नमस्कारापलीकडे हात लावला नव्हता, आणि ही कोण कुठली! आई तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती ना, ती माझी नजर होती. माझ्या वाटणीची. मी आत गेले, चहा टाकला, भांडी जरा जास्तच आपटली. बाहेर दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मध्येच आई हसल्याचंही ऐकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा निळसर दुधाची बाटली आईच्या हातात होती आणि आई ती पोर धरावी तशी दोन्ही हातांनी धरून होती. "रोज लावायचं काकी," रोह्याची सांगत होती. "तेल लावता ना पायाला? अगदी तसंच. तेलाऐवजी हे."

मी तिथल्या तिथे थबकले.

तिच्या गावात पायाला तेल कधी लावतात, ते मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं. दिवसभर चिखलात राबून आल्यावर, संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून, चुलीपुढे बसून. पण आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे पायाला तेल लावतात ते सकाळी आगरात उतरायच्या आधी. तळव्याला, भेगांना, बोटांमध्ये, चांगलं चोपडून. तेलावर खारं पाणी ठरत नाही, जखमेत मीठ जात नाही. घरी आल्यावर नुसते पाय धुवायचे. आणि हे दूध तर पाण्यातलं. ते खारं पाणी अडवणार नव्हतं, उलट त्यातच वाहून जाणार होतं. आई आता तेल सोडून हे लावणार आणि उघड्या जखमेनं मिठात उतरणार.

एक वाक्य ओठावर आलं होतं. आई, आगरात उतरताना तेलच लाव, हे घरी आल्यावर लाव. बस, एवढंच. पण ते बोलले असते तर काय झालं असतं, तेही त्याच क्षणी दिसलं. रोह्याची म्हणाली असती, "अय्या, बरं झालं ताई, तू सांगितलंस!" औषध लागू पडलं असतं. अंगठा बरा झाला असता. आणि आईनं जन्मभर तिचं नाव घेतलं असतं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "साखर कमी असेल, बघा."

मनात हिशेब असा, की चार दिवस लावील, गुण येणार नाही, टाकून देईल. मग मी माझं मलम घेऊन पुढे होईन. आईचं वाईट व्हावं असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. फक्त तिचं औषध हरायला हवं होतं.

सोमवारी मी एक गोष्ट केली. घरून आणलेलं चिमूटभर मीठ, आईनंच ओढलेलं, परीक्षानळीत टाकलं आणि वर रोह्यावालीचं दूध ओतलं. हलवलं. निळी झाक आधी गेली. मग ते पांढरंफटक झालं आणि बघता बघता नासलं. वर चरबीचे गोळे, खाली गढूळ पाणी. मिठानं साबण फुटतो, कंपनीत आम्ही रोज तेच तर करत होतो. मी नळी धुतली, उलटी करून ठेवली आणि वहीत काही लिहिलं नाही. आता नुसतं 'वाटत होतं' असं म्हणायलाही जागा उरली नव्हती. मला पक्कं माहीत होतं.

पण चार दिवस गेले, आठ गेले, आईनं बाटली टाकली नाही. रोज निघताना लावायची. "कसा आहे पाय?" "बरा हाय." "गुण आहे?" "व्हय तर! चांगला हाय औषध." पायाला चिंधी बांधलेली असायची. दाखव म्हटलं की पाय लुगड्याखाली घ्यायची. "बरा हाय म्हटला ना." आणि मला काय वाटावं? काळजी? छे! मला वाटलं, म्हणजे या बयेचं औषध मिठातसुद्धा चाललं! मी आणखी जळले. चिंधी सोडून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण मला तो भरलेला अंगठा बघायचाच नव्हता.

तिकडे रोह्याची रोज विचारायची, "आईचा पाय किती भरला गं?" मी न बघताच सांगायचे, "पुष्कळ." तिनं ते वहीत लिहिलं. साहेबांनी मुंबईच्या कुणा मोठ्या शास्त्रज्ञांना पत्र घातलं, आणि तिकडून बोलावणंही आलं. काम दाखवायला या, पुढं शिकायचं असेल तर इथंच सोय होईल. पत्र वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुझ्या आईमुळे झालं हे." मी हात सोडवून घेतले. हात ओले आहेत म्हटलं.

शिमग्याच्या आधी आई आगरात चक्कर येऊन पडली. अंगात ताप फणफणत होता. शेजारच्या बायकांनी उचलून घरी आणली आणि मी चिंधी सोडली. त्या वासानं मला मागे सरकावं लागलं. अंगठा काळानिळा झाला होता. शेजारचं बोटही. आणि बोटांच्या बेचक्यांत, जखमेच्या कडेला, पांढरे पांढरे गोळे चिकटले होते. माझ्या परीक्षानळीत वर आले होते, अगदी तसेच.

पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर निघाली, तिचा आम्हा कुणाला पत्ता नव्हता. दोन बोटं काढावी लागली. ते म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर वाचली असती.

रोह्याची दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात आली, एसटीनं, कामावरच्या कपड्यांतच. मुंबईला जायला तीन दिवस राहिले होते. आईच्या खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्या पट्टीकडे बघत राहिली. मग विचारलं, "काकी, तुम्ही दूध कधी लावत होतात?"

"कदी म्हंजे? आगरात जाताना. तेल लावताव तवाच."

तिचा चेहरा उतरला. ती हुशार होती, तिला समजायला वेळ लागला नाही. "मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे संध्याकाळी लावतात. मी धरूनच चालले. मी विचारायला हवं होतं, ताई. माझीच चूक." आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. मुंबईला आता कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली. मी साहेबांना कळवते, म्हणाली, वहीतलं सगळं खोटं आहे. मी खिडकीशी उभी होते. इतके दिवस मला हेच तर हवं होतं.

"रडू नको गो बाय," आई म्हणाली. "तुजा काय चुकला? झोंबायचा जरासा, मना कलत व्हता. पन मी टाकीन कशी? तूच सांगलंस ना, का ह्या माज्या पोरीनं केलाय म्हनून."

मी वळले. "काय सांगितलं?"

रोह्याची ओढणीतूनच बोलली. "त्या दिवशी तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा. काकी माझ्या हातचं औषध घेईनात. बाहेरचं नको म्हणाल्या. म्हणून मी सांगितलं, हे तुमच्या लेकीनंच केलंय, मी नुसती आणून दिलंय."

"मंग!" आई म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण त्यात सरळसरळ मिरवणं होतं. "सगल्या आगरात सांगला मी. माज्या पोरीनं केलेला औषध. बाया म्हनायच्या, पाय सुजलाय गो, टाक तो. मी म्हटला, माज्या पोरीच्या हातचा हाय, येल गुन." मग माझ्याकडे बघून जरा ओशाळं हसली. "तुना वाईट वाटला आसता, म्हनून पाय दाखवला नाय."

मी खाटेच्या कडेला बसले. आईनं उशाशी चाचपडून रिकामी बाटली काढली. घरून येताना तापात तेवढी एकच वस्तू तिनं बरोबर घेतली होती.

"सपला गो ह्यो," ती म्हणाली. "आनखी करशील? ह्या दुसऱ्या पायालाबी भेग परलीय. त्याला लावीन."

"आई," मी म्हटलं, "आगरात उतरताना तेलच लाव. हे दूध पाण्यातलं असतं, मिठात फुटतं. हे घरी आल्यावर, पाय धुऊन लावायचं."

माघातल्या त्या रविवारी ओठावर आलेलं वाक्य बाहेर पडलं, आणि त्याबरोबर सोमवारी परीक्षानळीत पाहिलेलंही. कुठे अडलं नाही, शब्द शोधावा लागला नाही. आईनं बरं म्हणून मान हलवली आणि डोळे मिटले.

रोह्याची रडायची थांबली होती. तिनं तोंडावरची ओढणी खाली घेतली आणि माझ्याकडे बघत राहिली.